पाइपातली हाडं

"आला! आवाज आला!" बेकरीवाला ओरडला आणि तळघरातली सगळी गर्दी झटकन मागे सरकली.

आवाज बॉयलरमधून येत होता. आधी गुरगुर, मग ठकठक, मग कुणीतरी आत कोंडून घातल्यासारखा हुंदका. इमारतीतल्या घराघरांत गरम पाणी पोचवणारं हे जुनं धूड. त्याच्यासमोर उलट्या बादलीवर बसले होते नळस्वामी. हे नाव मी ठेवलेलं, बाकीचे त्यांना महाराज म्हणत. अंगात पांढरा झगा, गळ्यात पांढऱ्या शिंपल्यांची जाडजूड माळ आणि जीभ अशी की एक वाक्य संपायच्या आत तीन वाक्यं बाहेर पडत.

"बघा, नीट बघा! लोखंडाच्या पोटात हाड वाढतंय! माणूस मरतो, हाड राहतं. हाड राहतं, हाक राहते. ऐकणारा असला तर ऐकतो!"

त्यांनी गरम पाण्याचा एक पाइप कापून घेतला होता. आतून तो पांढऱ्या, टणक थराने इतका भरला होता की पेन्सिलही आत गेली नसती.

"काय आहे हे?"

"हाड!" गर्दी म्हणाली.

"कुणी वाढवलं?"

"तुम्हीच सांगा, महाराज!"

"मी कोण सांगणार? हाडच सांगेल!" त्यांनी निळ्या बाटलीतलं मंतरलेलं पाणी थरावर ओतलं. फस्सकन फेस आला आणि नाकाला झोंबणारी वाफ उठली. "बघा, तळमळलं! करणी करणारी याच इमारतीत आहे!"

मी जिन्यात उभी होते. शाळेत रसायनशास्त्र शिकवते मी. तो वास ओळखायला मला कुठल्याही सिद्धीची गरज नव्हती. फरशीचे डाग काढायचं ॲसिड! पण ऐकणार कोण? सगळ्यांत पुढे माझा सख्खा मोठा भाऊ उभा होता, आणि त्याचे डोळे तांबारलेले होते.

दादाचं मला कळत होतं. आठवड्यापूर्वी त्याची मुलगी चिमी न्हायला गेली. शॉवर क्षाराने गच्च झालेला, त्यातून पाणी येईना. तिने मान वर करून बघितलं आणि त्याच क्षणी जाळी निखळून उकळतं पाणी तिच्या खांद्यावर पडलं. लेकरू अजून दवाखान्यात पालथं झोपून होतं. दादाला जाब विचारायला कुणीतरी हवं होतं. पाण्याला थोबाडीत मारता येत नाही.

महाराजांनी ते बरोबर हेरलं. आधी त्यांनी बॉयलर दिवसरात्र मोठ्या आचेवर ठेवायला लावला, का तर 'आतली बया भाजून निघेल'. मग बॉयलरच्या एका नळीतून थेंब थेंब पाणी गळायचं, ते त्या बयेची लाळ ठरवलं आणि लाकडी खुंटी ठासून, वर तार आवळून ती नळी बंद करवली. बॉयलर जास्तच कण्हू लागला. लोक म्हणाले, बघा, महाराजांचा गुण!

आता त्यांनी डोळे मिटले. "सगळ्यांच्या घरातला कुठला ना कुठला नळ आटला, पण एका घरातला एकही नळ अडलेला नाही. कुणाच्या?"

मग बेकरीवाला म्हणाला, "तळमजल्यावर. शिवणवालीच्या."

"ती राहायला कधी आली?"

"दोन वर्षं झाली."

"आणि नळ कधीपासून तुंबायला लागले?"

"दोन वर्षांपासूनच!"

इमारतीत बोअर कधी मारली, हे मात्र कुणी आठवलं नाही. तीही त्याच वर्षी मारलेली. तोवर आम्ही तलावाचं मऊ, कमी क्षारांचं पाणी वापरत होतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण फांदीपेक्षा कावळा हाताशी लागतो, आणि हा कावळा तर एकटा राहणारा, विधवा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"थांबा!" मी जिन्यात आडवी झाले. "ते हाड नाही, चुना आहे! पाण्यातला..."

पुढचं वाक्य दातांबरोबर तुटलं. कुणाचं कोपर लागलं कळलं नाही. मी कठड्यावर आपटले आणि माझ्या अंगावरून सगळे वर धावले. दार फुटल्याचा आवाज आला, शिवणयंत्र उलथल्याचा आवाज आला, आणि मग तिची किंकाळी.

त्यांनी तिला केसांना धरून जिन्यावरून खाली आणलं. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. एकाने त्याच मोजपट्टीचा फास केला होता. बेकरीवाल्याने पोटात लाथ घातली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी, जे चालताना काठीशिवाय दोन पावलं टाकत नाहीत, तीच काठी तिच्या पाठीत घातली. ती एकच वाक्य म्हणत होती, "अहो, मी काय केलं? सांगा तरी, मी काय केलं?"

"हात ठेवा तिचा बॉयलरवर," महाराज म्हणाले. "निर्दोष असेल तर पोळणार नाही."

दादाने तिचं मनगट धरलं. माझ्या दादाने, जो घरात पाल आली तरी झाडूने हळूच बाहेर काढतो. त्याने तिचा उजवा तळवा तापलेल्या पत्र्यावर दाबला. कातडी चरचरली. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास आत गेला आणि ती खाली बसली.

"पोळली! दोषी आहे!" महाराज गरजले. "आता तोंड!"

मी कशी उठले ते मला आठवत नाही. तोंडातलं रक्त थुंकलं, बादलीशेजारची निळी बाटली उचलली आणि नळस्वामींच्या मागे जाऊन त्यांच्या गळ्यातली माळ खस्सकन तोडली. शिंपले फरशीवर विखुरले. त्यांच्यावर मी बाटली उपडी केली.

फस्सकन फेस आला. पाइपातल्या 'हाडा'ला आला होता तसाच, उलट जरा जास्तच.

"ही कुणाची हाडं, महाराज?" मी ओरडले. "तुमच्या आजीची?"

सगळे फेसाकडे बघत राहिले.

"बोअरच्या पाण्यात जमिनीतला चुना विरघळलेला असतो. पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि चिकटतो. शिंपलाही त्याचाच, अंड्याचं कवचही त्याचंच. ॲसिड टाका, सगळे असेच तळमळतात!"

"मग आत रडतंय ते कोण?" बेकरीवाल्याने विचारलं. पण त्याचा आवाज आता खाली आला होता.

"तळाशी चुन्याचा थर बसलाय. त्याच्याखाली पाणी अडकतं, त्याची वाफ होते आणि ती थर फोडून वर येते. तुम्ही आच वाढवली, म्हणून आवाज वाढला."

"आणि हिचे नळ?" दादाने विचारलं. त्याने तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

मी खाली बसले. "मावशी, तुमच्याकडे गरम पाण्याची जोडणी आहे का?"

तिने मान हलवली. "नाही घेतली. मला गारच चालतं."

दादाची बोटं सुटली. गार पाण्याच्या पाइपात चुना फारसा बसत नाही आणि आमच्याही घरांतले गारचे नळ वाहतच होते, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. तिला कवेत घेताना माझी नजर बॉयलरच्या काट्यावर गेली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काटा लाल पट्टीच्या पुढे जाऊन टेकला होता. खुंटी ठासलेली ती नळी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडायची एकमेव वाट होती.

मी बर्नरचा खटका बंद केला. "बाहेर! हा फुटणार! सगळे बाहेर!"

भुतांना भाजून काढणारे महाराज सगळ्यांच्या आधी जिन्यावर पोचले. मागे बाकीच्यांना पळता भुई थोडी झाली. शिवणवाली उठू शकत नव्हती. मी एका बाजूने धरलं आणि दुसऱ्या बाजूने ती हलकी झाली, तेव्हा दिसलं की दादा परत आला होता. आम्ही तिला अंगणात आणलं आणि मागे जमीन हादरली. तळघराचं दार अंगणाच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळलं. जिन्यातून पांढरी वाफ लोटत राहिली. अजून जरा वेळ आम्ही तिचा न्याय करत बसलो असतो, तर सगळे शिजलो असतो.

गर्दीने श्वास घेतला आणि लगेच दुसरं काम शोधलं. महाराज फाटकाशी सापडले. बेकरीवाल्याने त्यांना पाडलं, काठी परत उठली. झगा लाल व्हायला लागला. घटकाभरापूर्वीचेच हात, तोच जोर, फक्त खाली पडलेलं माणूस बदललं होतं. मला त्या माणसाची दया आली असं मी म्हणणार नाही. तरी मी मध्ये पडले आणि पाठीवर दोन तडाखे खाल्ले.

"पोलिसांना द्या! त्याने काय केलं ते त्याला सगळ्यांसमोर सांगू द्या. मेला तर उद्या त्याचीच समाधी बांधाल, मूर्खांनो!"

पोलीस त्याला घेऊन गेले. आमच्यातल्याही काही जणांना घेऊन गेले, त्यात दादा होता. तो जामिनावर सुटला, तो थेट दवाखान्यात आला. चिमीच्या वॉर्डात न जाता आधी शिवणवालीच्या खाटेशी गेला. तिचा उजवा हात बोटांपर्यंत पट्ट्यांत होता. डॉक्टर म्हणाले होते, जखम भरेल, पण बोटं पूर्वीसारखी वळतील असं सांगता येत नाही. सुई धरायची बोटं ती.

दादा हात जोडून उभा राहिला. "माझी चूक झाली. मुलीमुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला वाटलं..."

"मुलगी कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे."

ती म्हणाली, "तुम्ही एवढे जण माझ्या दारात आलात, भाऊ. 'तुझ्या नळाला पाणी कसं येतं?' एवढं एकाने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

दादा खाटेच्या कडेला खाली बसला आणि रडला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला कुणाच्या देवाशी भांडायचं नाही. पाणी उकळून प्या, शॉवरची जाळी लिंबाच्या रसात बुडवून ठेवा, बॉयलर दरवर्षी साफ करून घ्या, आणि दाब सोडायची नळी देवाने येऊन सांगितलं तरी बंद करू नका. हे सगळं विसरलात तरी चालेल. पण माणसावर हात उचलायच्या आधी त्याला प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.