एका पायाची चौकशी

माझ्यावर बसण्याआधी थोडं ऐकून घ्या. एरवी सगळ्यांचं ऐकण्याचं काम माझंच असतं. मी तीन पायांचं, जाड कापडाचं, मिटून काखेत मारता येणारं स्टूल. बनवणाऱ्याने मला गळ टाकून निवांत बसणाऱ्या लोकांसाठी बनवलं होतं. पण त्या वर्षी निवांत लोक दुसरीकडे गेले असावेत. दोन वर्षं मी दुकानाच्या छताला उलटा टांगलेला होतो.

ती दोन वर्षं काही फुकट गेली नाहीत. दुकानदार सांगायचा, "गिऱ्हाईक 'नको' म्हणालं की लगेच भाव उतरवू नये. त्याला नेमकं काय नकोय, ते आधी विचारावं." मी वरून ऐकत असे.

मग एक दिवस जरा वाकून चालणारा एक माणूस आला.

"मासे धरायला का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, इस्पितळात बसायला."

"तिथं खुर्च्या नसतात?"

"असतात. पण त्यांच्यावर नातेवाइकांच्या पिशव्या बसलेल्या असतात."

हे आमचे काका. इस्पितळाने त्यांना रोग्यांना धीर द्यायला नेमलंय. गोळी नाही, सुई नाही. कुणाला प्रार्थना हवी तर ज्याच्या त्याच्या धर्माची प्रार्थना, कुणाला नुसतं बोलायचं असेल तर तेही. दारावर 'आध्यात्मिक आधार विभाग' अशी पाटी आहे. विभाग म्हणजे ते आणि मी.

हा धंदा अवघड. काका दारात दिसले की निम्म्या लोकांना वाटतं, आपला निकाल लागला. एका आजीबाईंनी हात जोडून सांगितलं, "चुकून आलात हो! मला उद्या घरी सोडतायत. पलीकडचीला बघा." वर मॅनेजरना दरमहा तक्ता लागतो. किती भेटी, किती मिनिटं, निष्पत्ती काय. 'निष्पत्ती'च्या रकान्यापाशी आले की काका पेनचं टोपण चावत बसतात.

अशात वरच्या मजल्यावर एक शिंपीबुवा दाखल झाले. साखरेच्या आजाराने पाय काळा पडलेला. गुडघ्याखाली कापला तर माणूस वाचणार, नाहीतर विष अंगभर पसरणार. हातात दोन दिवस. आणि शिंपीबुवा सही करेनात. मुलगी रडून झाली, जावई ओरडून झाला.

सर्जनबाईंनी काकांना जिन्यातच गाठलं. "काका, तेवढी सही आणून द्या ना. तुमचं लोक ऐकतात."

"सही आणायला नाही जात, बाई. बसायला जातो."

"फरक काय पडतो?"

"सही आणायला गेलो, की उद्या शेजारच्या पलंगावरचा मला पाहून झोपेचं सोंग घेईल."

काकांनी मला पलंगाशी उघडलं. शिंपीबुवांनी एक डोळा किलकिला केला.

"प्रार्थना म्हणणार?"

"हवी असेल तर."

"नको."

"बरं."

"मग बसून काय करणार?"

"बसणार."

"याचा पगार मिळतो?"

"मिळतो थोडा."

म्हातारा हसला. मग काकांनी सावकाश विचारलं, "सही नको म्हणालात असं कळलं. नेमकं काय नको?"

म्हाताऱ्याने पांघरूण पायावर ओढून घेतलं. मग शिंपीबुवा भिंतीकडे बघत म्हणाले, "कापल्यावर तो पाय जातो कुठे? डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, त्याची काळजी तुम्ही करू नका. मी नाही तर कोण करणार? माझा पाय आहे! अहो, मी चिंध्यासुद्धा बघितल्याशिवाय कधी फेकल्या नाहीत."

काकांना उत्तर ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं त्याच इमारतीत वावरून ठाऊक नव्हतं. मला तर तीन पाय, पण मलाही कधी हा प्रश्न पडला नव्हता. आता मात्र कधी कळतंय असं झालं.

मग आम्ही शोधायला निघालो. नर्सने स्वच्छता विभागाकडे बोट दाखवलं, त्यांनी जिन्याकडे. जिना संपला तिथे तळघर होतं आणि एक भट्टीवाला होता.

"बारा वर्षांत वरून कुणी विचारायला आलं नाही," तो म्हणाला. "जाड पिशवीत येतो, वर चिठ्ठी असते, गुरुवारपर्यंत थंड कपाटात राहतो. मग भट्टी."

"पट्ट्या-नळ्यांबरोबर?"

"तसाच नियम आहे. पण मी वेगळा घालतो. कुणी सांगितलं नाही, एकत्र घालणं माझं मलाच बरं वाटत नाही."

काकांनी वर येऊन यातलं अक्षरही लपवलं नाही, गोड केलं नाही. शेवटी म्हणाले, "गुरुवारी मी तिथं उभा राहीन."

"शब्द?"

"शब्द."

"पेन आण गं," शिंपीबुवा मुलीला म्हणाले.

मॅनेजर खूश! "निष्पत्तीत लिहा, सही मिळवली! आता सही न देणारे सगळे तुमच्याकडे पाठवतो." काकांनी रकान्यात लिहिलं, 'रोग्याने प्रश्न विचारला. उत्तर शोधून दिलं.' मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाले, "अशाने तुमचं पद टिकायचं नाही हो."

ते टिकवायचं की नाही, याची बैठक अजून व्हायची आहे. तोवर मी रोज काखेतून मजले चढतोय, उतरतोय. त्या बैठकीत तुमच्यापैकी कुणी असेल तर विनंती एवढीच, तो रकाना जरा रुंद आखा. आणि निरोप घेण्याआधी तो गुरुवार ऐकून जा.

काका शब्दाप्रमाणे भट्टीपाशी गेले, दार बंद होईपर्यंत उभे राहिले आणि तसेच वर आले. शिंपीबुवा शुद्धीवर होते, रंग परतला होता.

"काय म्हणालात त्याला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला प्रार्थना नको होती. म्हणून म्हटलं, बाबा रे, चाळीस वर्षं मशीन चालवलंस, आता विश्रांती घे."

शिंपीबुवा बघतच राहिले. "अहो, मशीन चालवतो तो उजवा! हा डावा जन्मभर शेजारी नुसता बसून होता."

काकांचे कान लाल झाले. "भट्टीवाल्याला गाठून दुरुस्ती सांगून येऊ का?"

"राहू द्या," शिंपीबुवा डोळे पुसत म्हणाले. "बिचाऱ्याचं एकदा तरी कौतुक झालं."