हळदीसाठी केलेली वाइन

गीताबाईनं बरणीचं झाकण उचललं आणि आतला वास नाकात शिरताच ती मागे सरली.

वास आंबट-गोड होता, पण त्याच्याखाली दुसराही एक वास होता, आणि तो तिनं झोपेतही ओळखला असता. नवरा दारूनं जाईपर्यंत रोज संध्याकाळी तो तिच्या उंबऱ्यातून आत यायचा. आता तो तिच्या आईच्या बरणीतून येत होता. ही चिनी मातीची मोठी बरणी आईनं लग्नात दिलेली. माजघरात भाताच्या कणगीलगत ती ठेवलेली असे आणि लोणच्याखेरीज तिच्यात कधी काही पडलं नव्हतं. यंदा आंबाच धरला नाही, म्हणून बरणी रिकामी राहिली आणि महिनाभर गीताबाईचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही. लक्ष जाणार कसं? बाई दिवसभर गावभर दारूबंदीचा प्रचार करत फिरत होती.

"रूपेश, हिकडं ये."

लेक शहापूरच्या एसटीसाठी निघाला होता. बरणी उघडी दिसताच तो जागीच थांबला.

"काय हाय ह्यात?"

"चहा हाय आई. त्या दोऱ्याच्या पुड्यांचा."

त्या पुड्या तिला माहीत होत्या. रूपेश दोन वर्षं आखातात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. येताना त्यानं बॅगभर फळांच्या चहाचे डबे आणले होते. घरात सगळ्यांनी एकेक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि डबे फळीवर गेले. पण तिकडे, जिथं दारूचं दुकानच नाही, तिथं खोलीतल्या पोरांनी त्याला याच पुड्यांचा दुसरा उपयोग शिकवला होता. पुड्या कढत पाण्यात उतरवायच्या, साखर ओतायची, मूठभर मनुका आणि बेकरीतलं यीस्ट टाकायचं, आणि मग विसरून जायचं.

"दारू नाय ती, वाइन हाय," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात माझी हळद. आपल्याकडं कुणाची हळद कोरडी गेलीय का? पोरं आत्तापासून हसतात मला."

"उद्या मतदान हाय रे."

"म्हणून तर सांगतो, आज वतू नको. आपली मोरी चार घरांच्या दारावरून जाते. वास गावभर होईल. उद्याचं होऊन जाऊ दे, मग काय ते कर." आणि दिवटा एसटी पकडायला पळाला.

त्याच्या पाठीकडे बघताना तिला त्याच्या बापाची पाठ आठवली आणि संताप आला. पण पोरगा खोटं बोलत नव्हता. किन्हवलीच्या वाटेवरचं हे गाव, त्याच्या स्टँडला लागून देशी दारूचं दुकान. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी उद्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरच ते बंद होणार होतं. दुकानवाल्याची माणसं काहीतरी सापडतंय का म्हणून टपलेलीच होती. गीताबाईच्या घरात दारू, एवढं कानावर पडलं की बायका मतदानाला घराबाहेरसुद्धा पडल्या नसत्या.

तेवढ्यात अंगणात महिला मंडळातल्या सकुबाईचा आवाज आला. दुपारची सभा बायकांनी सकाळीच भरवली होती.

मग गीताबाईच्या हातांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. झाकण दाबून बसवलं, त्यावर दुहेरी दादरा घातला, म्हणजे बरणीच्या तोंडाचं ते जाड फडकं, आणि वरून सुतळी करकचून आवळली. लोणच्याला वारा लागला की लोणचं गेलं, हे तिला आईनं शिकवलं होतं. बरणीत लोणचं नाही, एवढंच ती विसरली.

"आत बसू गो," सकुबाई म्हणाली. "रस्त्यावर दुकानवाल्याची पोरं फिरतात." आणि बायका माजघरात घुसल्यासुद्धा. गीताबाईला नको म्हणता येईना. सगळ्यांच्या मागून धोंडीबाई आली आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, नेमकी कणगीला टेकून बसली. बरणी तिच्या कमरेला लागत होती.

धोंडीबाई पूर्वी मोहाची दारू गाळायची. गेल्या वर्षी गीताबाईनं बायका घेऊन तिच्या खोपटावर धाड घातली, तेव्हापासून ती मजुरीला जाऊ लागली. मंडळातही येऊन बसायची, पण तोंडातून शब्द काढत नसे. आता तिनं एकदा नाकपुडी हलवली आणि मान वळवून बरणीकडे पाहिलं. गीताबाईनं नजर चुकवली. या बाईला काय सांगून फसवणार?

सकुबाई कुणी कुणाला घेऊन यायचं ते सांगत होती. मध्येच कोपऱ्यातून फुस्स असा आवाज झाला.

"काय गो ते?"

"घूस असंल," गीताबाई म्हणाली.

पुन्हा आवाज झाला. दादऱ्याखालून लाल फेस बाहेर आला आणि बरणीच्या पोटावरून ओघळू लागला. दोन बायकांनी माना वर केल्या. धोंडीबाई जागची न उठता सरकली, बरणीला पाठ लावून बसली आणि पदर मागे ओढून घेतला. बायकांना आता नुसती धोंडीबाईच दिसत होती. पण गीताबाई समोर उभी होती, आणि पदराची कड लाल होत चाललेली तिला दिसत होती.

"भिऊ नका," सकुबाई रंगात येऊन म्हणाली. "आपली गीताबाई कशी हाय ठाऊक हाय ना? ही धोंडीबाई किती हातापाया पडली. दारू वता, पन रांजन फोडू नका, आयचा हाय, म्हनली. पन हिनं ऐकलं नाय. मुसळ घातलं न् रांजनाचे तुकडे. तवा कुठं गाव सुधारलं." बायका हसल्या. सवयीनं धोंडीबाईपण जराशी हसली.

ते हसू गीताबाईला सहन झालं नाही. पाठीमागे गीताबाईचं पाप झाकून ती बाई स्वतःच्याच फजितीला हसत होती.

"धोंडीबाय, उठ," ती म्हणाली.

"बस ना गीताबाय. होऊ दे सभा," धोंडीबाई हळूच म्हणाली. "उद्याचा दिवस जाऊ दे."

"उठ म्हनते ना."

बरणी पोटाशी धरून ती बायकांच्या मधून अंगणात आली. सुतळी सुटताच झाकण उडालं आणि लाल फेस तिच्या छातीवर आला. वास सगळ्यांना लागला. आता काही सांगायची गरज नव्हती, तरी तिनं सांगितलं. "माझ्या पोरानं केलीय. माझ्याच घरात. मी सकाळी बघितली न् तुमच्यापासून लपवली."

सकुबाईनं पदर तोंडाला लावला. रस्त्यावरची पोरं कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यातलं एक लगेच दुकानाकडे पळालं.

गीताबाईनं बरणी आडवी करून रिकामी केली. मग आतून मुसळ आणलं. ते उचलल्यावर तिला मनापासून वाटलं की कुणीतरी थांबवावं, भांड्याचा काय दोष असं कुणीतरी म्हणावं. तिनं धोंडीबाईकडे पाहिलं. सगळ्याच बायकांनी पाहिलं. धोंडीबाई गप्प उभी होती.

गीताबाईनं मुसळ घातलं. आईची बरणी पहिल्याच घावात फुटली.

बायका हलल्या नाहीत. उद्या यातल्या किती शिक्का मारायला येतील, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. मुसळ तसंच हातात धरून गीताबाई उभी होती. धोंडीबाई पुढे आली, ओला पदर कमरेला खोचला आणि उकिडवी बसून तुकडे वेचू लागली.

"राहू दे गो," गीताबाई म्हणाली. "मी करते."

"बस खाली," धोंडीबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "माझं मी येकलीनं येचलेलं."

गीताबाईनं मुसळ बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ खाली बसली.