माझ्या जाळीवरची थुंकी

मी एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, पण आवाज अजून स्वच्छ आहे. अकोल्याच्या अब्दुल रहीम यांनी मला घेतले, त्याला वीस वर्षे झाली. निकाह, भीमजयंती, शाळांची संमेलने, सगळीकडे मी गेलो. लोक म्हणत, "रहीमभाईच्या माईकचं शेवटच्या मानसाले ऐकू येते." मला त्याचा अभिमान वाटे.

मित्रांनो, गेल्या जूनमध्ये मला हिवरखेडजवळच्या एका गावात नेले. तिथे एक कंपनी कोळशावर वीज तयार करणारा कारखाना काढणार होती. गावाचे म्हणणे ऐकण्यासाठी सभा भरली होती. कंपनीने देवराव नावाचे निवृत्त प्राध्यापक आणले होते. मी त्यांच्या हातात होतो, अजून बंदच. कंपनीच्या मनोजसाहेबांना ते हळूच म्हणाले, "कोळसा जाळून जाळून ऊन वाढलं, हे मीच पोरांना शिकवलं. आता उलटं बोलू?"

"तुमच्या मुलाले कारखान्यातल्या राखेच्या वाहतुकीचं कंत्राट पाहिजे ना, सर?" मनोजसाहेबांनी विचारले.

सरांनी घाम पुसला आणि माझे बटण दाबले.

"हवामान बदल ही निव्वळ अफवा आहे. वऱ्हाडात ऊन पहिल्यापासूनच आहे."

दर वाक्याला त्यांची थुंकी माझ्या जाळीवर उडत होती. मला शिसारी आली. त्याहून जास्त किळस आली ती माझीच. ते खोटे मीच मोठे करून गावभर पोचवत होतो.

मग मैनाबाईंनी मला घेतले. त्यांचे पती देवमन मे महिन्यात शेतात काम करताना उष्माघाताने गेले होते.

"ऊन पयलेपासून हाये ना, सर? मंग देवमनचे पन्नास उन्हाये निंगाले, एक्कावन्नावा कावून नाही निंगाला?"

"रहीम, माईक बंद कर," मनोजसाहेब म्हणाले.

"बाईचं बोलनं हू द्या, साहेब. मंग करतो."

साहेबांनी स्वतःच माझी वायर उपटली. मैनाबाई तशाच बोलत राहिल्या. मागचे लोक उठून पुढे येऊन बसले.

तरी सभेच्या अहवालात लिहिले गेले, 'कोणाचीही हरकत नाही.' आता तिथे पाया खणला जात आहे. कंत्राट सरांच्या मुलाला मिळाले. रहीमभाईंना कंपनीने पुन्हा बोलावले नाही.

मित्रांनो, मला पाडू नका, ओल्या हाताने धरू नका, एवढे तर सांगतोच. पण माझ्यातून आवाज मोठा येतो म्हणून तो खरा मानू नका. बोलणाऱ्याला विचारा, "हे बोलून तुमच्या पदरात काय पडतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका.