चेनकव्हरवरचं नाव

जयराजला या सगळ्यात काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकलेलं बरं. सरपंचाची खुर्ची, आणि तीही बिनविरोध. त्यासाठी त्याने गावातल्या चाळीस पोरींना चाळीस सायकली दिल्या. कोइमतूरला त्याचं गलाईचं दुकान. सोनं वितळवून शुद्ध करणाऱ्या विट्याकडच्या माणसाला हिशोब शिकवावा लागत नाही. चाळीस पोरी म्हणजे चाळीस घरं, घरटी तीन-चार मतं; एवढी बांधली की समोर उभं राहतंय कोण. शिवाय प्रत्येक सायकलीच्या चेनकव्हरवर पिवळ्या अक्षरांत त्याचं नाव, आणि ते नाव रोज सकाळी सात किलोमीटर, म्हसवड रस्त्यावरच्या हायस्कुलापर्यंत, पोरींच्या पायांवर फुकट फिरणार.

आकाराम मेजरांना मिळणार होता एक फेटा.

मेजर म्हणजे कागदावर हवालदारच. सैन्यात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, पेन्शन घेतली आणि स्टँडसमोर सायकलीचं दुकान टाकलं. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण ते फुकटचा शब्द देत नसत. म्हणूनच जयराज त्यांना मे महिन्यात सांगलीला घेऊन गेला. दुकानदाराने नमुन्याची सायकल पुढे केली. मेजरांनी कव्हर काढायला लावलं, चेनवर पोलादी फूटपट्टी ठेवली, चेनच्या कडीकडीवरचा कंपनीचा छाप वाचला आणि म्हणाले, "हीच द्या."

जूनमध्ये सायकली आल्या त्या कार्यक्रमाच्या तासभर आधी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मेजरांच्या खिशात फूटपट्टी होती. कव्हराखाली वाकून मागच्या चाकाच्या दातऱ्यावरची चेन बघायला एक मिनिट लागलं असतं. पण त्याच वेळी स्टेजमागे त्यांना फेटा बांधत होते, आणि फेटा बांधलेला माणूस वाकत नाही.

माइक हातात आला तेव्हा मेजर म्हणाले, "मी सोता चेन बघितलीया. म्हैन्याला तेल घाला, पाच वर्षं हात लावायला नगं."

टाळ्या पडल्या. मागे बसलेला कोंडीबा मेंढपाळ आपल्या बायकोला म्हणाला, "मेजर म्हणत्यात म्हंजे झालं." तोवर तो पोरीला एवढ्या लांब सायकलीवर पाठवायला तयार नव्हता.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस त्याची बायको हरणाबाई दुकानात आली. एका हाताने सायकल ढकलत होती. मागे प्रांजल, तिची नववीतली पोरगी. डावा हात प्लास्टरमध्ये.

"चढाला उभी राहून पायडल मारत हुती," हरणाबाई म्हणाली. "चेन तुटली आन् तोंडावर आपाटली. मागनं डंपर. डायवरनं बिरेक मारला म्हणून पोरगी हाय."

मेजरांनी कव्हर काढलं. जयराजचं नाव बाजूला ठेवलं आणि चेन फळीवर ताणली. बारा जोडांची लांबी बरोबर बारा इंच भरायला हवी. भरली सव्वाबारा. चार महिन्यांत. आणि एकाही कडीवर छाप नव्हता.

"तेल घालत हुतीस का गं?"

"दर म्हैन्याला," प्रांजल म्हणाली. "तुमीच म्हणला व्हता."

तेवढ्यात अंगणवाडीच्या सुलाबाई हवा भरायला आल्या. त्याच रस्त्याने जाणारी बाई, चेन तीन वर्षांपूर्वी मेजरांनीच घातलेली. मेजरांनी त्यांच्या चेनला फूटपट्टी लावली. बारा इंच आणि केसभर.

"ह्यांनी ठरवलंय," हरणाबाई सांगत होती. "दिवाळीचा पाडवा झाला की मेंढरं उंब्रजकडं निघायची. पोरगीबी संगं. शाळा बंद."

"मला न्हाई जायाचं," प्रांजल म्हणाली. मेजरांकडे बघून म्हणाली, आईकडे नाही.

मेजर तुटकी चेन कागदात न गुंडाळता, तशीच हातात लोंबकळवत जयराजच्या बंगल्यावर गेले. गावाने बघावं म्हणूनच.

"या मेजर," जयराज म्हणाला. "चहा सांगू?"

"चेन बघ."

"पोरींनी तेल घातलं नसंल."

"घातलंय. माझी बोटं बघ."

"मग दुकानदारानं फसवलं असंल हो आपल्याला."

"तुला? दगडावर सोन्याची रेघ मारून रतीभर तांबं पकडतोस तू. आन् सांगलीच्या माणसानं तुला चाळीस चेनी घातल्या व्हय रं?"

जयराज हसला. पकडल्यावर हसणारी माणसं असतात, त्यातला तो. "बरं, खरं सांगतो. हलकी चेन घालून नगामागं नव्वद रुपये कमी करून घेतले. छत्तीसशे झाले सगळे. त्यात मी काय माडी बांधली?"

"मग कुठं गेलं?"

"स्टेजवर बारा माणसं होती. तीनशेचा एक फेटा. करा गुणाकार."

मेजरांनी केला. तो बरोबर आला, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरी कपाटात वरच्या खणात तो फेटा अजून तसाच बांधलेला ठेवला होता.

"चाळीस चेनी आण," ते म्हणाले. "पाडव्याच्या आत."

"इलेक्शन होऊ द्या की. आत्ता बदलल्या तर लोक म्हणणार, सायकलीच खराब होत्या."

"पोरगी मेंढरामागं चाललीया."

"एक पोरगी, मेजर. एकोणचाळीस तर जातायत ना?"

मेजरांनी चेन त्याच्या पांढऱ्या फरशीवर आपटली. फरशीचा टवका उडाला, काळ्या तेलाचा पट्टा सोफ्यापर्यंत गेला. "सोन्यात रतीभर खोट निघाली तर गिऱ्हाईक तुझं दुकान जाळंल," ते म्हणाले. "पोरीच्या जिवात नव्वद रुपयांची खोट चालती व्हय?"

"फरशी भरून द्यावी लागंल हां," जयराज मागून म्हणाला. ते चेष्टेत होतं की नाही, हे मेजरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेजर एसटीने सांगलीला गेले. चाळीस चेनी, नग दोनशे दहा, चौऱ्याऐंशीशे रुपये पेन्शनमधले. काउंटरवर उभं राहून एकेक चेन उलगडून छाप बघितला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, नवीनच हाय की सगळं." मेजरांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचा डबा आपणहून उघडला.

चार दिवस दुकानासमोर रांग होती. दातरे अजून शाबूत होते, तेवढं नशीब. प्रत्येक चेन बदलताना समोरच्या आईला मेजर एकच वाक्य सांगत, "आधीची मी न बघताच चांगली म्हणलो व्हतो." काही बायांनी मान डोलवली. एकीने विचारलं, "मग माईकवर का बोलला?" त्यांनी पाना फिरवला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते प्रांजलची सायकल घेऊन वस्तीवर गेले. कोंडीबा तट्टावर बिऱ्हाड बांधून बघत होता.

"कोंडीबा, ही चेन मी सोता बघितलीया."

कोंडीबाने दोरीची गाठ मारली. "तवाबी हेच म्हणला व्हता."

"तवा चुकलं."

"चुकतं की माणूस. आवं मेजर, चेन किती टिकती मला कळत न्हाई. मला मेंढरू कळतं आन् माणूस कळतो. तुमच्या तोंडावर मी पोरगी रस्त्यावर सोडली. आता कुणाच्या तोंडावर सोडू?"

प्रांजल पुढे आली. "आण्णा, फूटपट्टी मी शिकली. बारा इंचाच्या वर गेली की बदलायची. मी मोजीन दर म्हैन्याला."

कोंडीबाने हातातली दोरी खाली ठेवली. मेजरांना वाटलं, झालं काम. मग त्याने तिच्या प्लास्टरला हात लावला आणि म्हणाला, "मोजशील गं. डंपर कुठं मोजतोय?"

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मेंढरं उंब्रजकडे निघाली. फूटपट्टी प्रांजलने मागितली, मेजरांनी दिली. डिसेंबरात जयराज बिनविरोध सरपंच झाला. सत्काराला बारा फेटे होते. एक तसाच उरला, कारण मेजर गेले नाहीत. सत्काराच्या वर्गणीत त्या फेट्याचे पैसे मात्र त्यांच्या नावावर मांडले होते.

आता कुणी काय भरलं ते बघा. सांगलीच्या दुकानदाराने काही नाही. जयराजने टवका उडालेली एक फरशी. मेजरांनी चौऱ्याऐंशीशे रुपये आणि गावातला शब्द. बाकी सगळं प्रांजलने भरलं, एक मनगट आणि नववीचं वर्ष.