कासवाची खिडकी

"उघडी ठेवू की शिवू, एकदा काय ते नीट सांगा भाऊजी."

"दोन्ही," धाकटे दीर म्हणाले.

बोट दिरांची. थोरला भाऊ गेल्यापासून तिच्या जाळ्यांची दुरुस्ती वहिनींकडे होती. जाळ्यांच्या शेडमागची खोलीही वहिनींचीच, अर्थात दुरुस्ती चालू असेपर्यंत.

खिडकी म्हणजे जाळ्याच्या गळ्याशी ठेवलेले भोक. मासळी पुढे पिशवीत जाते, कासव तिरप्या सळ्यांना अडून या भोकातून सुटते. समुद्रातले जीव वाचावेत म्हणून मत्स्य खात्याने ही खिडकी सक्तीची केली, ती शिकवायला शिबिर भरवले आणि वहिनींच्या हातची खिडकी नमुना म्हणून सर्वांना दाखवली. तेव्हापासून तपासणीच्या वेळी ती उसवायची आणि बोट सुटताना शिवायची, असा शिरस्ता पडला. कायद्याचे पालन आणि कायद्याचा भंग एकाच बाईकडून, एकाच सुईने करून घेण्याची ही काटकसर राज्यशास्त्राच्या ग्रंथकारांच्या नजरेतून कशी निसटली, कोण जाणे.

"कासवाला दार उघडलं, तर कोळंबी काय आत पाय दुमडून बसणारे?" दिरांनी विचारले होते. "जमत नसेल तर सांगा वहिनी. सुई धरणारे हात पुष्कळ आहेत, खोल्या कमी आहेत."

वहिनींनी मग खुद्द तपासनीस साहेबांनाच गाठले होते.

"मावशी, मी बघतो तेव्हा ती उघडी असते," साहेब म्हणाले. "विषय संपला."

"मग कासवं काय तुम्ही बघता तेव्हाच येतात जाळ्यात?"

साहेब मनापासून हसले. "तुमचं काम फार सुबक आहे हं."

शहाणी माणसे इतक्या सहजपणे हो आणि नाही एका दमात म्हणतात, तेव्हा खोट आपल्याच डोक्यात असावी, असे वहिनींना वाटू लागले होते.

त्या दिवशी बोट लागली. जाळे धक्क्यावर ओढले, तेव्हा शिवणीत कासव अडकलेले होते. डोके आणि एक वल्ह्यासारखा पाय बाहेर, बाकीचे आत. वाट त्याने अचूक शोधली होती. वहिनींनी टाका ओळखला. सुटू नये म्हणून दुहेरी गाठ त्यांनीच मारली होती.

"बघत काय बसलात? साहेब आलेच! उसवा!" दीर ओरडले.

वहिनींनी कात्री चालवली. टाके तुटले आणि कासव खिडकीतून अलगद, अगदी शिबिरात सांगितल्याप्रमाणे, बाहेर घसरले.

"बघा!" साहेब येता येता म्हणाले. "चालते की नाही खिडकी?"

"मेलंय ते, साहेब."

"हो, पण बाहेर पडलं ना!"

दीर हसले. साहेबही हसले. आपणही हसायचे असते की काय, हे न कळून वहिनी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

संध्याकाळी बोट सुटायची वेळ झाली. "वहिनी, झालं का?" हाका मारत दीर जाळ्यापाशी आले. खिडकी उघडीच होती. तिच्या काठात सुई खोचलेली होती आणि दोऱ्याच्या टोकाला खोलीची किल्ली बांधलेली होती.

धक्क्याच्या पार टोकाला वहिनी गाठोडे घेऊन चालल्या होत्या. आपण कासवासाठी निघालो की साहेबांच्या त्या हसण्यापायी, हे त्यांना अजून उमगले नव्हते.

दीर किल्ली सोडवू लागले. गाठ दुहेरी होती. नखांनी सुटेना, दातांनीही सुटेना. आणि बोट भोंगा वाजवत होती.