दामिनीचा गृहपाठ

दामिनी गुडघे टेकायला गेली, तशी बाबनरावांनी दोन्ही पावलं उचलून थेट पलंगावर घेतली. खाली विंचू निघाल्यासारखी.

"हे नाही जमत," ते म्हणाले. "शब्द म्हणाचे असंन तर म्हण. पोरी बापाच्या पाया पडत नाहीत आपल्यात."

"पाया कुठं पडून राहिली मी? तिकडचा नमस्कार आहे तो. सरनं व्हिडिओ मागतला."

"मंग तुह्या आईले कर."

पुष्पलताबाई समोर मोबाईल धरून उभ्या होत्या आणि त्यांचा हात आधीच भरून आला होता. "मी व्हिडिओ काढू का नमस्कार घेऊ?" त्या म्हणाल्या.

सरांनी व्हिडिओ मागितला होता हे खरं. शनिवारी दामिनी कोरियाला निघणार होती, दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला, आणि धरमपेठेतल्या क्लासचा शेवटचा गृहपाठ होता आईवडिलांशी आदरानं बोलण्याचे दहा शब्द. वडीलधारे जेवतात ते 'चिन्जी', त्यांचं वय 'योन्से', त्यांचा वाढदिवस 'सेंगशिन'. बरोबरीच्या माणसासाठी हे शब्द वापरायचेच नाहीत. पण गृहपाठ तेवढाच होता. जमिनीला कपाळ टेकवण्याची गोष्ट सरांनी काढलीच नव्हती. ती दामिनीनं पदरची घातली होती.

चार वर्षांपूर्वी तिचा भाऊ पंकज नोकरीसाठी पुण्याला निघाला, तेव्हा तो बाबांच्या पाया पडला आणि बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चांगला बराच वेळ. दामिनी त्याची बॅग धरून दारात उभी होती आणि तिला त्याचा हेवा वाटला. तिच्या वाट्याला ते कधी येणार नव्हतं. या घरात लेक म्हणजे देवी. दर दिवाळीला बाबाच वाकून तिच्या पावलांना हात लावायचे, आणि आल्यागेल्यांना त्याचं कोण कौतुक. पण देवीच्या डोक्यावर कोणी हात ठेवत नाही, आणि दामिनीला तो हात हवा होता. निघण्याआधी एकदा तरी.

"बाबा, मार्क कटतीन माहे," ती म्हणाली. हे तर धडधडीत खोटं होतं.

मार्कांचं नाव काढलं की बाबनराव हरायचे. वीस वर्षं त्यांनी हातमागावर साड्या विणल्या होत्या, आता इतवारीतल्या एका दुकानात साड्या उलगडून दाखवत. पण चारचौघांत सांगायचे ते लेकीचे मार्क. त्यांनी पलंगावरच्या चादरीची सुरकुती हातानं सारखी केली. सुरकुती गेल्यावरही थोडा वेळ करत राहिले. मग एकेक करून पाय खाली सोडले. हातमागाच्या पावड्या दाबून दाबून पावलं रुंद झाली होती.

"कर लवकर."

दामिनीनं एका हातावर दुसरा हात ठेवला, कपाळापर्यंत नेला, गुडघे टेकले आणि वाकली. आठ दिवस खोलीचं दार लावून तिनं याचा सराव केला होता.

"आबोजी, चिन्जी चापसुश्योस्सोयो?"

"काय म्हणते?"

"बाबा, जेवले का, म्हणून इचारून राहिली," पुष्पलताबाई मोबाईलमागून म्हणाल्या. ऐकून ऐकून त्यांचंही पाठ झालं होतं.

"आत्ताच तर जेवलो, हिच्यासंगंच."

फरशी गार होती. नमस्कार करून झाला होता, पण दामिनी वाकलेलीच राहिली.

"ऐक वं, मोबाईल बंद कर," बाबनराव बायकोला म्हणाले.

"काहून? चांगला येऊन राहिला."

"सरनं फक्त शब्द मागतले हायेत. त्या दिवशी त्यायचा फोन आला, तवा मी बाजूलेच बसून होतो."

दामिनीचे कान तापले. उठून आत पळावं असं तिला वाटलं, पण मान वर करायचीही लाज वाटत होती. पुष्पलताबाईंनी मोबाईल खाली घेतला. पलंग करकरला.

मग तिच्या केसांना बोटं लागली, चुकून लागल्यासारखी. मग सबंध तळवा टेकला. तो जड होता.

"ऊठ आता," बाबनराव म्हणाले. "गुडघे दुखतीन."

हात मात्र त्यांनी काढला नाही, म्हणून दामिनीही उठली नाही.