पट्टीचा अंगठा

गावाची लोकसंख्या पाचशेच्या खाली गेली तर दवाखाना बंद होणार होता, आणि ती मोजण्याचे काम माझ्याकडे, म्हणजे शाळेतल्या एकुलत्या एका मास्तराकडे, आले होते. तरुण माणसे शहराकडे निघून गेली होती. गाव जुन्या स्वेटरासारखे एका टोकाने उसवत चालले होते. दवाखाना गेला असता तर नर्सबाईही गेल्या असत्या. त्यांच्याविषयी मला एवढेच ठाऊक होते, की त्यांच्या डाव्या चपलेचा पट्टा दोऱ्याने शिवलेला आहे. मी लाजाळू आहे. बोलताना माझी नजर समोरच्याच्या पावलांवरून वर चढत नाही.

शिंप्याच्या घरी खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते.

"हे माझे सासरे," शिंपी म्हणाला. "ऐकू येत नाही, तेव्हा काही विचारू नका."

सासऱ्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दवाखान्याची पट्टी होती, तिच्यावर जांभळ्या औषधाचा डाग. मी त्यांना मोजले.

शेजारी न्हाव्याकडे त्याचे थोरले काका भेटले. अंगठा तोच, डागही तोच.

"वय काय लिहू?"

"नव्वद लिहा," काका स्वतःच म्हणाले. "तेवढाच मान."

मी मुकाट्याने त्यांनाही मोजले. खोटे आहे हे कळत होते; पण डोळ्यांसमोर ती शिवलेली चप्पल दूर दूर चालत जात होती.

सुतारणीकडे शालीत गुरफटलेली आत्याबाई बसली होती. तिला भलतीच धाप लागली होती आणि शालीखालून तोच अंगठा डोकावत होता. आता माझ्याच्याने राहवेना.

"आजोबा, दमलात. पाणी प्या."

आजोबांनी शाल भिरकावली. "अरे, तू मान वर करत नाहीस म्हणून तर एवढं धाडस केलं! टोपी बदलली, कोट बदलला..."

"कोट कसले बदलता!" सुतारीण कडाडली. "मोजे घालायचे होते, मोजे!"

मी तिघांनाही खोडले. मला धरून चारशे नव्याण्णव उरले. सुतारीण मटकन खाली बसली.

बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिल्यावर मला सकाळी त्यांच्या घरी केलेली मोजणी आठवली. "आजोबा, तुमच्या सूनबाई तर म्हणाल्या, घरात आम्ही दोघंच."

"म्हणणारच. मीच बजावलं होतं, आज मला ओळखायचं नाही. मी तेव्हा शिंप्याकडे कोट घालून बघत होतो."

"म्हणजे तुमच्या घरी तुम्हाला मोजलेलंच नाही."

आजोबा ताडकन उठले. "तीन घरं फिरलो, आणि माझ्याच घरात नाही?" मग छाती काढून म्हणाले, "लिही! आणि वय नव्वदच ठेव."

"खरं सांगा."

"अठ्ठ्याहत्तर," ते पडेल आवाजात म्हणाले.

संध्याकाळी दवाखान्यात नर्सबाई आजोबांची पट्टी बदलत होत्या. मी दारात उभा राहिलो.

"काय झालं, मास्तर?"

"पाचशे भरले. दवाखाना राहतोय."

"अहो, मग इतकी आनंदाची बातमी माझ्या चपलांना काय सांगता?"

आजोबा खो खो हसले. मी मान वर केली. नर्सबाईंच्या चष्म्याची एक काडीही दोऱ्यानेच बांधलेली होती.